उभ्या माणसाचं माप

मास्तरांनी कापडाचा तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, कोपरा दाताखाली धरून ओढून पाहिला, आणि मग तो उजेडासमोर नेऊन एक डोळा मिटला.

"हे चालेल," ते म्हणाले. "विणीतून उन्हाचा कणसुद्धा खाली यायचा नाही."

"कापडाचं काय घेऊन बसलात, मास्तर!" वेल्डर म्हणाला. त्याने हातातला पाइप भिंतीला टेकवून ठेवला. "फायबरचं छत घ्या. एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको. वर दिवे लावा, गळ अडकवा. कापड म्हणजे दोन-चार वर्षं झाली की आहेच पुन्हा कटकट."

"कटकट माझी आहे. शिवणार मी."

"मग बोलणंच खुंटलं," वेल्डर हसला.

शेडमध्ये तीन-चार तयार सांगाडे ओळीने उभे होते. बोटीवर नसताना ते एखाद्या फार उंच माणसाच्या जेवणाच्या टेबलांसारखे दिसत. चार वाकवलेले पाय आणि वर आडवी चौकट. समोरून पाहिलं की इंग्रजी टी अक्षराचा आकार, म्हणून सगळे त्याला टी-टॉप म्हणत. मधोमध चाक असलेल्या, चोहोबाजूंनी उघड्या मासेमारीच्या बोटीला सावलीची दुसरी सोय नसते. मास्तरांना हे सगळं महिन्याभरापूर्वी माहीत नव्हतं. आता ते झोपेतसुद्धा पाइपची जाडी सांगू शकले असते.

ज्या बोटीसाठी हे चाललं होतं, ती शेडच्या मधोमध ट्रेलरवर उभी होती. आणि बोटीचा मालक दारात. सरकत्या दाराचा लोखंडी रूळ जमिनीपासून बोटभर वर होता. खुर्चीची चाकं त्यावरून नेताना हिसका बसला असता, म्हणून मुलगा रुळाच्या अलीकडेच थांबला होता.

"काय रे," मास्तरांनी तुकडा हलवून दाखवला. "गडद निळा घेऊ? मळ दिसत नाही."

"फिकट राखाडी घ्या, बाबा. निळा तापतो."

"आणि फायबर की कापड, कप्तान?" वेल्डरने विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली. पूर्वी तो त्याला कप्तानच म्हणायचा. अपघातानंतर हा शब्द त्याने जिभेवरून पुसून टाकला होता, पण आज बोट समोर होती आणि तोंड आपल्या सवयीने चालत होतं.

मुलाने ते मनावर घेतलं नाही. "कापडच. बोट लहान आहे. वर वजन चढलं की हेलकावे जास्त खाईल. आणि बाबांच्या शिवणीला काही होत नाही."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलं आणि ते उगाचच कापडाची घडी घालू लागले.

मुलाने दुकानात बसावं, कात्री हातात घ्यावी, असं त्यांना फार वाटलं होतं. मुलाचा ओढा मात्र लहानपणापासून पाण्याकडे. बारीकसारीक कामं करत, दुसऱ्यांच्या बोटींवर राबत त्याने शेवटी स्वतःची बोट घेतली. हौशी लोकांना गळ टाकायला खोल पाण्यात न्यायचं आणि दुपारपर्यंत परत आणायचं, हा त्याचा धंदा. बोट पहिल्यांदा आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली. त्याची आईसुद्धा, पदर कमरेला खोचून, एक फेरी मारून आली आणि दोन दिवस तेच सांगत होती. मास्तरांना त्या दिवशी एका कोटाचं तातडीचं काम निघालं. नंतर मुलाने आणखी काही वेळा विचारलं. दर वेळी काही ना काही तातडीचं निघत गेलं. राग होता, की पोहता येत नसल्याची भीती होती, की दोन्ही, हे त्यांनी स्वतःशीही कधी नीट उलगडून पाहिलं नाही. पुढे त्याने विचारणं सोडलं. ते कधी सोडलं, हे मास्तरांच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते दवाखान्याच्या बाकावर बसलेले असताना.

समुद्राने पोराच्या केसालाही धक्का लावला नव्हता. घात केला तो घरापासून हाकेच्या अंतरावरच्या वळणाने, भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर. मोटारसायकलच्या मागे बांधलेला इंजिन-तेलाचा डबा तेवढा जसाच्या तसा राहिला. पोराचं छातीखालचं अंग गेलं.

हात शाबूत होते. त्या दोन हातांवर मास्तरांनी सगळी आशा बांधली होती. चाक हातांनीच तर फिरवतात. एक पक्की खुर्ची बसवायची, पट्टा लावायचा, दोघांनी मिळून उचलून ठेवायचं. अडचण एकच होती. डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलं होतं. ज्या अंगाला जाणीव नाही त्याला घामही फुटत नाही, बघता बघता ताप चढतो, म्हणाले. मास्तरांनी यावर पुष्कळ विचार केला आणि एके सकाळी चहा देता देता, जणू आत्ताच सुचलं अशा सुरात म्हणाले, "बोटीला छत टाकलं तर?"

मुलगा तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान किंचित वळवली. मग म्हणाला, "टाका. छत हवंच तिला."

इतक्या महिन्यांत त्याने 'हवं' हा शब्द प्रथमच उच्चारला होता. मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि पाइपच्या शोधात निघाले.

"बरं, आता उंची सांगा," वेल्डरने कानावरची पेन्सिल काढली. "सगळा खेळ उंचीचा. फार वर गेलं तर सावली चाकावर पडायची सोडून पाण्यात पडते. फार खाली आलं तर टाळकं आपटतं."

"माप आहे माझ्याकडे," मास्तर लगेच म्हणाले. त्यांनी गळ्यातली टेप उगाचच खाली ओढली. "बसलेल्या माणसाचं. खुर्चीची बैठक धरून." मागच्या आठवड्यात नव्या शर्टाच्या निमित्ताने त्यांनी मुलाची मापं घेतली होती. कंबरेपासून डोक्यापर्यंतचं माप शर्टाला कशाला लागतं, असं तो काही म्हणाला नव्हता.

"बसलेल्या माणसाचं नको," दारातून मुलगा म्हणाला. "उभ्या माणसाचं घ्या."

वेल्डरची पेन्सिल थांबली.

मास्तर चटकन मुलापाशी गेले, हातातला कापडाचा तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला आणि खुर्चीचा ब्रेक नीट लागलाय का ते पाहायला खाली वाकले. ब्रेक लागलेलाच होता. त्यांनी तो काढून पुन्हा लावला. चेहरा वर करायला त्यांना थोडा वेळ हवा होता. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई परवा म्हणाली होती की पायाचा अंगठा किंचित हलल्यासारखा वाटला. नुसता वाटला, ती म्हणाली होती, यात फार अर्थ काढू नका. त्यांनी काढला नव्हता. बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण पोराच्या शरीराची गोष्ट, त्याला स्वतःला आतून काही कळत असेलच ना! बोलून दाखवत नसेल. या घरात बोलून दाखवायची पद्धत होती कुणाची?

"बरोबर आहे," ते खालूनच म्हणाले. "उभ्याचंच घेऊ. आज ना उद्या..."

"घेणारा उभा राहूनच चालवेल ना, बाबा."

मास्तरांचा हात ब्रेकवर तसाच राहिला.

"छत नसेल तर आता कुणी घेत नाही," मुलगा शांतपणे सांगत होता. हे वाक्य त्याने पुष्कळदा मनात म्हणून पाहिलेलं असावं. "फोनवर विचारणारे दोघं मागे सरले तेवढ्यावरून. उन्हात कोण उभं राहतं दिवसभर? आणि अशीच उभी राहिली तर इंजिन जाम होईल. चालती बोट आहे. चालती राहू दे."

वेल्डर पाठ फिरवून पाइप मोजायला लागला. मोजायचं काहीच नव्हतं.

"आधी सांगायचंस," मास्तर म्हणाले.

"सांगणार होतो. पण तुम्ही इतक्या उत्साहानं..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. मग म्हणाला, "वर चढता का? माप घ्यायला कुणीतरी उभं राहायला हवं. हे आपले बुटके आहेत."

"बुटका काय, मध्यम म्हण," वेल्डर पाठमोराच पुटपुटला.

त्याने शिडी लावली. मास्तर चपला काढून चढले. आयुष्यभर पायाखाली शिलाई मशीनची पट्टी असलेला माणूस. बोटीची जमीन त्यांना पायांखाली खडबडीत लागली. ती मुद्दाम तशी असते, ओल्या पायांनी घसरू नये म्हणून, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते चाकाशी जाऊन उभे राहिले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून ते त्यांनी मागे बांधले.

"असं नाही," खालून मुलगा म्हणाला. "तसं कुणी उभं राहत नाही. हात चाकावर. पाय जरा फाकवा. गुडघे सैल सोडा, लाट आली की तेच सांभाळतात. आणि मान वर. समोर बघा."

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. समोर शेडचा पत्रा होता. चाक गार होतं, आणि दोन ठिकाणी, जिथे हात आपसूक पडतात तिथे, वरचा थर झिजून गुळगुळीत झालेला होता. त्यांची बोटं त्या जागांवर बसली. मुलाचे तळहात त्यांच्यापेक्षा रुंद होते, हे त्यांना तिथे कळलं.

वेल्डरने त्यांच्या डोक्यावर टेप धरली. "यावर वीतभर सोडतो. उंचापुरा माणूस आला तरी चालेल."

"चालेल," मुलगा म्हणाला.

वेल्डर आकडा लिहायला आत गेला. मास्तर उतरले नाहीत. तिथूनच, समोरच्या पत्र्याकडे पाहत त्यांनी विचारलं,

"विकायच्या आधी एकदा पाण्यात नेऊ या का? तू आणि मी. उचलून ठेवू आम्ही तुला. मला बघायचंय."

मग त्यांनी मान वळवली. तो स्वतःच्या मांडीवरचा कापडाचा तुकडा गुडघ्यावर ताणून बसवत होता, अगदी सुरकुती राहू नये असा.

"नको, बाबा," तो म्हणाला. "मग विकवणार नाही मला."

*

कापड इतकं जड होतं की एकट्याने मशीनखाली सरकेना. मास्तर शिवत होते आणि बायको पलीकडून ते दोन्ही हातांवर तोलून धरत होती, तान्ह्या पोराला आंघोळीनंतर धरावं तसं. आतल्या खोलीत मुलगा फोनवर कुणाला तरी बोटीची माहिती देत होता. आवाजात उत्साह नव्हता, पण खोटंही काही नव्हतं. कुठे चरा आहे, कुठला पंप बदललाय, सगळं सांगत होता.

"तुला माहीत होतं?" मास्तरांनी सुई उचलून विचारलं.

"विकायचं? मला काही बोलला नव्हता." तिने कापडाचा भार एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. "पण बोट अंगणात होती तोवर त्याची खिडकी बंद असायची. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मला वाटलं ऊन येतं म्हणून."

"त्या खिडकीत कुठलं आलंय ऊन!"

मास्तरांनी मशीनच्या पट्टीवर पाय दाबला. कोपऱ्यांवर कापड दुहेरी घेऊन त्यांनी शिवण तीनदा फिरवली. एकदा फिरवली असती तरी भागलं असतं. वाऱ्याचा ताण कोपऱ्यांवर येतो, असं त्यांना मुलाने सांगितलं होतं. सांगताना त्याने हवेत हात फिरवून वारा कुठून येतो तेही दाखवलं होतं, आणि तो हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला होता.

*

घेणारा माणूस निघाला दातांचा डॉक्टर. उंच, बडबड्या, सगळ्यांना हसतमुखाने नमस्कार करणारा. मास्तरांनी त्याच्यात काहीतरी खोट काढायचा मनापासून प्रयत्न केला, पण माणूस सरळ होता. धक्क्यावर तो मुलाच्या खुर्चीशेजारी चक्क उकिडवा बसला आणि शाळकरी पोरासारखा एकेक गोष्ट समजून घेऊ लागला.

"वळताना डावीकडे किंचित ओढते," मुलगा सांगत होता. "भांडू नका तिच्याशी. थोडं सोडून दिलं की आपणच सरळ होते."

"बायकोसारखी," डॉक्टर म्हणाला.

"ते मला माहीत नाही," मुलगा म्हणाला, आणि दोघंही हसले. मास्तरही हसले, पण अंमळ उशिरा.

बोट पाण्यात होती. नवं छत तिच्यावर असं बसलं होतं की जणू ती छत घेऊनच जन्माला आली होती. डॉक्टर चाकाशी उभा राहिला. डोक्यावर चार बोटं जागा उरली. त्याने वर हात लावून कापड थोपटलं.

"झकास काम आहे, मास्तर! चला, एक चक्कर मारून येऊ. तुमच्याशिवाय मुहूर्त कसला?"

मास्तरांनी नकारार्थी हात हलवला. एका कोटाचं... असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"जा, बाबा," मुलगा म्हणाला. "कापड वाऱ्यात कसं धरतं ते बघून घ्या. कुठं फडफडलं तर दोरी आवळावी लागेल. यांना नाही समजायचं ते."

तो त्यांच्याकडे न पाहता बोटीकडे पाहून बोलत होता. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढला, आणि वेल्डरचा हात धरून बोटीत उतरले.

दोर सुटला. पाण्याची फट रुंदावत गेली. मास्तरांनी छताचा पुढचा खांब दोन्ही हातांनी धरला होता. भीती वाटेल याची त्यांनी मनाची तयारी केली होती, पण भीती काही वाटली नाही. गुडघे सैल सोडले की लाट खालून निघून जात होती, अगदी तो म्हणाला होता तशी. डॉक्टर काहीतरी सांगत होता. इंजिनाच्या आवाजात अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. कापड वाऱ्याने फुगलं, ताणलं गेलं आणि शांत झालं. एकही कोपरा फडफडला नाही. खाली गडद, गार सावली होती. उन्हाचा कणसुद्धा कुठून येत नव्हता. पाण्यावर मात्र नजर ठरत नव्हती, इतकं सगळं चकाकत होतं.

'रोज हे बघायचा तो,' असं त्यांच्या मनात आलं. आणि म्हणून, त्याला काहीतरी हाताने खुणावून सांगावं म्हणून, ते मागे वळले.

धक्का बराच लांब गेला होता. वेल्डर ट्रेलर लावायला वर गेला असावा. दगडी धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं, एक झाड नव्हतं, भिंतीचा आडोसा नव्हता. भर उन्हात ती एक खुर्ची होती आणि तिच्यात तो, कपाळावर आडवा हात धरून बोटीकडे बघत. हात खाली घेत नव्हता. किती वेळ धरला होता कोण जाणे.

"परत फिरवा," मास्तर म्हणाले.

"आं?"

"परत फिरवा, डॉक्टर."

डॉक्टरने वेग कमी केला आणि वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"मळमळतंय का?" त्याने कळवळून विचारलं. "पहिल्यांदा होतं असं. लाजू नका."

"हो," मास्तर म्हणाले.

बोट वळली. वळताना डावीकडे किंचित ओढली गेली. डॉक्टर चाकाशी झटापट करू लागला तेव्हा मास्तरांनी नजर किनाऱ्यावरून न काढता, हळू आवाजात त्याला थोडं सोडून द्यायला सांगितलं.